अमोनिया आधी शेताला

युरियाची गोणी आपण खांद्यावर वाहतो, पण तो तयार कसा होतो ते फारसं कुणी सांगत नाही. हवेतला नत्र आणि हायड्रोजन हवेच्या दीडशे-दोनशे पट दाबाखाली, तापवून, लोखंडी उत्प्रेरकावरून नेले की अमोनिया होतो, त्यापासून युरिया. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये ही रीत दाखवली, कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये तिचा कारखाना चालवला. रायगडातल्या थळचा कारखानाही याच वाटेचा.

आता हाच अमोनिया इंधन म्हणून पुढे येतोय. त्याच्या वजनात सुमारे १८ टक्के हायड्रोजन. नुसता हायड्रोजन पातळ करायला उणे २५३ अंश थंडावा लागतो, अमोनियाला उणे ३३ पुरतो. म्हणून जहाजवाल्यांचा त्यावर डोळा आहे. संशोधन जरूर व्हावं. २०२३ च्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनने सौर-पवन विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढायचं ठरवलंय, तेही चांगलंच.

माझं म्हणणं एवढंच, की त्यातून होणारा अमोनिया आधी खताला द्यावा, मग जहाजाला. जहाजाला दुसरं इंधन मिळेल. पिकाला नत्राऐवजी काय घालणार? आणि आपणही माती तपासूनच गोणी फोडावी. एवढा दाब सोसून आलेला नत्र पाण्याबरोबर वाहून जाता कामा नये.