विमानाला कपडा कोणता?

मागच्या सुट्टीत माझ्या भाच्यानं बाल्साच्या काड्यांचं, रबराच्या पिळावर उडणारं विमान बनवलं. पंखावर छान कडक पांढरा कागद चिकटवला. शाळेच्या हॉलमध्ये सोडलं, तर दोन हातांवर जाऊन धप्पकन खाली! "मामा, रबर आणखी पिळू?" पिळलं, आणि रबर तटकन तुटलं. बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

चूक रबराची नव्हती, कागदाची होती. झेरॉक्सच्या कागदाच्या पुडक्यावर '75 जीएसएम' असं छापलेलं असतं. म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन 75 ग्रॅम. पंख होता 30 सेंमी लांब, 10 सेंमी रुंद. करा गणित! नुसता कागदच सव्वादोन ग्रॅम. आता गंमत ऐका. बंद सभागृहातल्या 'एफ-वन-डी' या जागतिक स्पर्धागटात 55 सेंमीपर्यंत पंखांचं अख्खं विमान, रबर सोडून, 1.4 ग्रॅमचं असलं तरी चालतं. आणि ते वीस मिनिटांहूनही जास्त वेळ उडतं!

असं का? विमान हलकं असलं की हळू जाऊनही तरंगतं, आणि हळू गेलं की रबराचा पीळ जास्त वेळ पुरतो. हॉलमध्ये वारा नसतो, त्यामुळे नाजूक कपडाही चालतो.

तुमच्याकडचा कागद कसा पारखाल? 10 सेंमीचे दहा चौरस कापा. शाळेतल्या प्रयोगशाळेच्या तराजूवर एकत्र तोला. आलेल्या ग्रॅमला दहानं गुणा, की झाला जीएसएम! मॉडेलसाठी मिळणारा जपानी टिश्यू साधारण 12 जीएसएमचा असतो. दहा मायक्रॉनची पातळ प्लॅस्टिक फिल्म त्याहून थोडी हलकी. पावसाळ्यात कागद दमट होऊन सैल पडतो, फिल्मला ते दुखणं नाही. पण ती अंगाला चिकटते, चिकटवताना सुरकुत्या पडतात. म्हणून पहिल्या विमानाला टिश्यूच बरा.

एक युक्ती सांगतो. टिश्यू आधी चौकटीवर ताणून पाण्याचा हलका फवारा मारा, वाळू द्या. मगच ग्लू स्टिकनं पंखाच्या फक्त वरच्या बाजूला लावा. नाहीतर तो नंतर आकसतो आणि नाजूक काड्या वाकवतो.

भाच्यानं कागद सोलून टिश्यू लावला. काड्या त्याच, रबरही तेवढंच. पण विमानानं हॉलला पूर्ण फेरी मारली. आता तुमची पाळी!