आधी माळा रिकामा करा

घर विकायचं ठरलं की आपण पहिला फोन एजंटला करतो. तो जरा थांबवा. पहिला फोन भंगारवाल्याला करा.

गंमत म्हणून सांगत नाही. आम्ही कोथरूडमधला जुना टू बीएचके विकायला काढला, तेव्हाची गोष्ट. तिसरा मजला, पूर्वेची बाल्कनी, पाण्याची ददात नाही. तरी चार महिने लोक येत होते आणि "कळवतो" म्हणून जात होते. एका रविवारी एक जोडपं आलं, सोबत मुलाची आई. तरुण दोघं हॉलच्या खिडकीतून बाहेर बघत होती. आई मात्र सरळ बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीपाशी गेल्या. त्यांनी तिथलं कॅलेंडर बाजूला केलं आणि भिंतीवर तळहात टेकवला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो ना, तसा. मग सुनेला एवढंच म्हणाल्या, "चला."

ते कॅलेंडर मीच तिथं लावलं होतं.

त्यानंतर आम्ही महिनाभर घर कुणालाच दाखवलं नाही. त्या महिन्यात जे केलं, ते आधीच करायला हवं होतं. तुम्ही आधी करा, म्हणून हे लिहिते आहे.

बघायला येणारा माणूस मनातल्या मनात आपलं सामान लावत असतो. सोफा इथं, फ्रीज तिथं, मुलीचं अभ्यासाचं टेबल खिडकीशी. तुमचंच सामान खोलीभर असेल तर त्याचा सोफा मावत नाही. मग चांगली दहा बाय अकराची खोली त्याला लहान वाटते. आणि खोली लहान वाटली की तो भाव पाडून मागतो.

म्हणून सुरुवात माळ्यापासून. आमच्या माळ्यावर काय निघालं सांगू? दोन बंद पडलेले मिक्सर, विकून टाकलेल्या टीव्हीचं खोकं, कूलर, लग्नात आलेले आणि कधीच न वापरलेले स्टीलचे डबे, नातवाची सायकल. नातू आता इंजिनिअरिंगला आहे. हे सगळं "लागेल कधीतरी" म्हणून ठेवलेलं. वर्षभर ज्याला हात लागला नाही, ते तुम्हाला नव्या घरी तरी कुठं न्यायचंय? सामान हलवणारे खोकी मोजून पैसे घेतात. आज काढलं तर भंगारवाला चार पैसे देईल. तेव्हा काढाल तर तुम्हीच द्याल.

ज्यात जीव अडकलाय ते फेकू नका. बहिणीकडे, लेकीकडे, कुठंतरी तात्पुरतं ठेवा. पण एका खोलीत कोंबून तिला कुलूप लावू नका. बघणारा नेमकी तीच खोली उघडायला सांगतो.

भिंतीतली कपाटं आणि ओट्याखालच्या ट्रॉल्याही लोक उघडून बघतात. यात त्यांचं काही चुकत नाही, त्या घराबरोबरच जाणार आहेत. कपाटं निम्मी रिकामी ठेवा. ट्रॉल्या धुऊन काढा, झुरळांचं औषध चार दिवस आधी मारून घ्या.

आता ओल. ती झाकू नका.

रंगारी म्हणेल, पुट्टी मारतो, दोन हात देतो, कळणारसुद्धा नाही. महिन्याभरात पोपडे निघतात. आणि तोवर व्यवहार झाला असेल तर भांडण तुमच्या नव्या दारात येतं. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. बाथरूममधल्या टाइल्सच्या फटी, नळाचे जोड, वरच्या घराची मोरी. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी झिरपत असेल तर ती दुरुस्ती सोसायटीने करायची असते. तोंडी सांगू नका. अर्ज द्या आणि पोच घ्या. घरातल्या मोरी-बाथरूमची गळती मात्र ज्याच्या घरातून होते, त्याने थांबवायची.

काम झालं की भिंत पूर्ण वाळू द्या, मगच रंग. आणि येणाऱ्याला स्वतःहून सांगा: इथं ओल होती, अमुक महिन्यात काम केलं, ही पावती. आमचं घर ज्यांनी घेतलं त्यांनी ती पावती दोनदा वाचली. भाव मात्र त्यावरून पाडला नाही.

यासाठी वेळ हवा, म्हणून दिवस बघून आखणी करा. भर पावसात रंगकाम काढू नका, भिंती वाळत नाहीत. पितृपक्षात बरेच लोक घराचं बोलणंच टाळतात. तो पंधरवडा तुमचा. साफसफाई, किरकोळ दुरुस्त्या तेव्हा उरका. नवरात्र बसलं की लोक घरं बघायला बाहेर पडतात. कुणाला दसऱ्याला व्यवहार करायचा असतो, कुणाला पाडव्याला. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेच्या आधीही तसंच. आणि तुमचं घर गळत नसेल तर जुलैत खुशाल दाखवा. भर पावसात कोरडी भिंत दाखवता आली तर आणखी काय सांगायला हवं?

रंग पांढरा नाहीतर हस्तिदंती. मुलांच्या खोलीतली जांभळी भिंत तुम्हाला कितीही आवडत असो, ती जाऊ द्या.

नळ गळतो का, फ्लश नीट चालतो का, दाराची कडी बसते का, हे लोक करून बघतात. प्लंबर आणि सुतार एकेक दिवस बोलवा. बादल्या-मग्गे नेहमी वापरतो, त्यावरचे क्षाराचे पांढरे डाग आपल्याला दिसेनासे होतात. पाहुण्याला पहिले तेच दिसतात. पिवळी पडलेली बटणं बदला. खिडक्यांच्या जाळ्या काढून धुवा. एवढ्यानेच खोलीत किती उजेड येतो बघा. बाल्कनीतल्या दोरीवरचे कपडे त्या दिवशी उतरवा.

वासाचं तर आपल्याला कळतच नाही. आपलं नाक सरावलेलं असतं. डांबरगोळ्या, जुन्या गाद्या, सकाळचे तळलेले मासे. पाहुणे यायच्या तासभर आधी सगळ्या खिडक्या उघडा. भसाभसा उदबत्त्या लावू नका. मग वाटतं, हे काहीतरी लपवताहेत.

देवघर आहे तसं राहू द्या, घासून-पुसून. हार घातलेल्या फोटोंबद्दल मात्र जपून सांगते. आपल्याला तो आधार असतो, परक्याला पाऊल अडखळल्यासारखं होतं. माझ्या सासऱ्यांचा फोटो आम्ही सामानाच्या आधीच नव्या घरी नेला. त्या घरात पहिला प्रवेश त्यांचाच झाला.

पैसे कुठं घालायचे नाहीत तेही ऐका. विकण्यासाठी म्हणून नवीन मॉड्युलर किचन करू नका, फरशी बदलू नका, फॉल्स सीलिंग तर अजिबात नको. घेणारा ते आपल्या आवडीने तोडतो आणि पुन्हा करतो. तुमच्या खर्चाचं त्याला सोयरसुतक नसतं. ओल, रंग, नळ, दिवे. बस्स.

दाराबाहेरही एकदा परक्यासारखं उभं राहून बघा. चपलांचा ढीग, तुटकी पाटी, पार्किंगमध्ये हवा गेलेली स्कूटर. आणि वॉचमनशी आधी बोला. "पाणी किती वेळ येतं?" हे लोक तुम्हाला नाही, त्याला विचारतात.

कागदांची फाइल त्याच महिन्यात लावा: मूळ करार आणि त्याआधीचे करार, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, मेंटेनन्स, घरपट्टी आणि विजेचं शेवटचं बिल. जुन्या करारांत बरेचदा बिल्टअप क्षेत्रफळ असतं, लोक आता कार्पेट विचारतात. टेप लावून स्वतः मोजा. घर वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर आधी वकिलाला भेटा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बाकीच्या वारसांचा प्रश्न उरतोच. सोसायटी हस्तांतरणाचा प्रीमियम किती मागते ते विचारून ठेवा. महानगरपालिका हद्दीत त्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. व्यवहार ५० लाखांचा किंवा वरचा असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापून भरतो, तेव्हा दचकू नका. मालक परदेशात राहत असेल तर हा नियम वेगळा आहे आणि कपात बरीच जास्त असते. लेक अमेरिकेत आणि फ्लॅट तिच्या नावावर, असं असेल तर सीएला आधीच विचारा.

शेवटी तुमच्या काळजीचं. अनोळखी माणसं घरभर फिरणार आहेत. दागिने, पासबुकं, औषधांची पिशवी कुलपात ठेवा. जाहिरातीच्या फोटोंत विजेचं बिल, किल्ल्यांचा हूक, मुलांचे शाळेतले फोटो येऊ देऊ नका. एजंटांना चावी वाटू नका. दाखवताना घरात दोघं असा, बोलू द्या मात्र एकालाच. आमच्याकडे मी बोलत असताना आमचे हे मागून म्हणाले, "तसं आम्हाला मार्चच्या आत द्यायचंच आहे." तिथंच दोन लाख गेले.

पंखे, गिझर, पडद्यांचे रॉड, पाण्याचा फिल्टर यातलं काय ठेवणार आणि काय नेणार, ते बोलणी ठरतानाच कागदावर लिहून द्या. आणि चावी द्याल त्या संध्याकाळी निदान एक बल्ब तरी लावून ठेवा. ती माणसं बहुधा अंधार पडल्यावरच येतील.