अंगठ्याच्या स्पर्शाची किंमत

भोर-वेल्ह्याच्या गावांतून कात्रजचा घाट उतरून पुण्यात येणाऱ्या रस्त्याने दुधाचे कॅन आणि भाजीपाला येतो, त्याच रस्त्याने कडबाकुट्टीच्या पात्यात अथवा कारखान्यातील प्रेसखाली अंगठ्याचे टोक गमावलेला मनुष्यही येतो. त्याची जखम भरून टाके निघाले की उपचार पुरा झाला, असे मानण्याची रूढ रीत बदलली पाहिजे असे माझे निश्चित मत आहे. कारण अंगठ्याची लांबी शाबूत राहिली, पण त्याचे टोक बधीर झाले, तर सदऱ्याची गुंडी लावणे किंवा नटाचा आटा चढवणे ही कामेही डोळ्यांच्या साहाय्यावाचून होत नाहीत. कात्रजशेजारी कोंढव्यास कुष्ठरुग्णालय आहे. चटका न कळणारी बोटे वारंवार भाजून, चिघळून कशी आखूड होत जातात, हे तेथे काम केलेल्यांना निराळे सांगावे लागत नाही.

स्पर्श परत आणण्याची विद्या नवी नाही. स्वीडनच्या एरिक मोबर्ग यांनी १९६४ साली वर्णिलेल्या पद्धतीत अंगठ्याच्याच तळव्याकडील त्वचा तिच्या धमन्या व मज्जातंतूंसह पुढे सरकवून टोक झाकले जाते. व्रण मोठा असल्यास अमेरिकेच्या विल्यम लिटलर यांच्या रीतीने मधल्या बोटाच्या कडेची त्वचा, तिचा मज्जातंतू न तोडता, तळहातातून अंगठ्यावर आणता येते, जरी त्या बोटाची ती कड बधीर होते आणि नवा स्पर्श मेंदूस पुष्कळ काळ मधल्या बोटाचाच भासतो.

असे असता, १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या कोष्टकाने अंगठा गेल्यास ३० टक्के आणि त्याचे शेवटचे पेर गेल्यास २० टक्के अर्जनक्षमता घटली असे धरले. परंतु हाड शाबूत आणि स्पर्श मात्र नष्ट, अशा अंगठ्यासाठी तेथे स्वतंत्र रकाना ठेवला नाही, तो फैसला दाखला देणाऱ्या डॉक्टरच्या अंदाजावर सोपविला.

म्हणून सरकारने तालुक्याच्या इस्पितळांना स्पष्ट हुकूम द्यावा, की अंगठ्याच्या तळव्याकडील मांस गेलेल्या जखमीस नुसते टाके घालून घरी न धाडता हस्तशल्यविशारदाकडे पाठवावे. आणि अपंगत्वाचा दाखला देण्यापूर्वी, एकमेकांपासून किती मिलिमीटर अंतरावर टेकवलेली दोन टोके त्या अंगठ्यास वेगवेगळी ओळखता येतात, हे तपासून दफ्तरी नोंदवावे. निरोगी टोकास सहा मिलिमीटरांच्या आतील अंतरही उमगते. ही तपासणी काही मिनिटांची आहे, आणि ज्याचे हातावर पोट आहे त्याच्या मोबदल्याचा हिशेब तिच्यावाचून होऊ देणे न्यायाचे नाही.