रिकाम्या जागेची जबाबदारी

संगणकाच्या आज्ञावलीत ओळीच्या आरंभीची मोकळी जागा ‘टॅब’ने सोडावी की ‘स्पेस’ने, यावर प्रोग्रॅमर मंडळी वर्षानुवर्षे हिरिरीने भांडत आली आहेत, हे ऐकून साहित्याच्या वर्गात हशा पिकतो. ज्यांच्या घरात ऱ्हस्व-दीर्घावरून रणे माजली, त्यांनीच हसावे याची आम्हांस मौज वाटते. परंतु हसणारे आणि भांडणारे दोघेही मूळ मुद्दा चुकतात. प्रश्न नीटनेटकेपणाचा नाही. अनेक हातांनी लिहिल्या जाणाऱ्या संहितेत कोणी, केव्हा, काय बदलले हे कळण्याचा आहे.

देहू-आळंदी रस्ता तळवडे, चिखली, मोशी असा पिंपरी-चिंचवडमधून जातो; मोशीहून नाशिक रस्त्याने पुढे गेले की चाकण. या पट्ट्यात तयार होणाऱ्या आधुनिक वाहनांत इंजिन, ब्रेक, एअरबॅग यांचे नियंत्रण छोट्या संगणकांकडे असते, आणि त्यांच्या आज्ञावल्या बहुधा ‘सी’ भाषेतल्या. या भाषेत ओळीपूर्वीच्या मोकळ्या जागेला अर्थ नाही. यंत्र ती सरळ ओलांडते. माणसाचा डोळा मात्र तिच्यावरूनच अर्थ लावतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये अ‍ॅपलच्या प्रणालीत उघड झालेला दोष असाच होता. एका अटीखालची ओळ चुकून दोनदा आली. दुसरी ओळही पहिलीइतकीच आत सरकवलेली, म्हणून ती अटीच्या अंमलाखाली आहे असे भासे. यंत्राने मात्र ती बिनशर्त पाळली, आणि जोडणी सुरक्षित आहे की नाही याची अखेरची तपासणीच टळली. वाहन उद्योगासाठी १९९८ साली निघालेली ‘मिस्रा-सी’ नियमावली अटीखालचे एकटे विधानही महिरपी कंसात ठेवायला लावते, ते उगाच नव्हे.

यावरून नीटनेटकेपणाचे पुरस्कर्ते विजयी झाले असे कोणी समजू नये. त्यांचा अपराध निराळा आहे. कामात एक दुरुस्ती करायची असते, आणि हे गृहस्थ जाता जाता सबंध फाइलची मांडणी बदलतात. आता तपासणाऱ्यासमोर हजार ओळी ‘बदललेल्या’ म्हणून येतात. त्यांतल्या अर्थ बदलणाऱ्या ओळी तीनच. तो थकतो आणि मान्यता देतो. पुढे वर्षभराने एखादी ओळ कोणी लिहिली असे ‘गिट’ला विचारावे, तर उत्तरात मांडणी करणाऱ्याचेच नाव येते, विचार करणाऱ्याचे नाव त्याखाली गाडले गेलेले असते. असे निव्वळ मांडणीचे बदल वगळून इतिहास पाहण्याची सोय गिटमध्ये २०१९ साली करावी लागली. पण तीही तेव्हाच उपयोगी, जेव्हा मांडणीचा बदल स्वतंत्र नोंदलेला असतो.

साहित्याच्या अभ्यासकांना हे परके वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. आपण शुद्धीकरण केले हे नोंदवले आणि पुढच्यांनी यात स्वतःची ओवी घालू नये असे बजावले. हे संहितेच्या जबाबदारीचे भान होते. जुन्या पोथ्यांत शब्द सलग लिहिलेले असत. ते कोठे तोडायचे हा संपादकाचा निर्णय, आणि म्हणून तो अर्थनिर्णय. असे असता जुने पुस्तक नव्या शुद्धलेखनात छापून त्याविषयी एक अक्षरही न लिहिणाऱ्या संपादकाला आपण कोणत्या तोंडाने विद्वान म्हणतो?

संगणकावर तर धोका आणखी सूक्ष्म आहे. युनिकोडमध्ये ‘दऱ्या’ लिहिण्याच्या एका पद्धतीत र आणि हलन्त यांच्यानंतर एक अदृश्य, शून्य रुंदीचे जोडचिन्ह असते. साफसफाईच्या उत्साहात कोणी अदृश्य चिन्हे पुसून टाकली, की सह्याद्रीतल्या दऱ्यांचा एका झटक्यात दर्या होतो. पुसणाऱ्याला वाटते, आपण काहीच काढले नाही.

यावर आक्षेप येईल की एकच मांडणी लादल्याने लिहिणाऱ्याची शैली मरते. आम्हांस तो मान्य नाही. २००९ साली जाहीर झालेल्या ‘गो’ भाषेने मांडणीचे काम एका साधनाकडेच सोपवले. त्यामुळे तिथल्या चर्चेत उरतो तो अर्थ. अर्थात जिथे मोकळी जागाच अर्थ आहे, म्हणजे ‘पायथन’च्या आज्ञावलीत किंवा कवितेच्या ओळीत, तिथे ती लिहिणाऱ्याची आहे आणि यंत्राने तिला परस्पर हात लावू नये.

आमची मागणी साधी आहे. नियम कामाच्या आरंभी ठरावा, त्याचा अंमल यंत्राने करावा, आणि रूपाचा बदल अर्थाच्या बदलात कधीही मिसळू नये. तो वेगळा, नावानिशी नोंदवावा. चाकणच्या मोटारीच्या आज्ञावलीला जो नियम, तोच तुकोबांच्या गाथेच्या नव्या आवृत्तीला. आणि ज्यांना हा कारकुनी काच वाटतो, त्यांनी दुसऱ्याच्या संहितेला हात लावू नये.