ओसरीवरील गोष्टी : आशेचा हात

पत्त्यांविषयीं या सदरांत लिहावें कीं लिहूं नये, याचा आम्ही बरेच दिवस विचार करीत होतों. वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं पावसाळी दुपारीं मेंढीकोट किंवा पांच-तीन-दोन यांचा डाव रंगतो, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु ज्या खेळाविषयीं आज लिहिणार आहों तो पैशावांचून क्वचितच खेळला जातो. म्हणून आरंभींच सांगून ठेवतों कीं, आमच्या ओसरीवर तो चिंचोक्यांवर खेळला गेला. या हकीगतींत पैशाचा जो भाग येतो, तो आमच्या ओसरीवरचा नव्हे.

आमचा पुतण्या अमेरिकेंत नेवाडा प्रांतीं नोकरीस असतो. त्या प्रांतांत १९३१ सालापासून जुगार कायदेशीर आहे. यंदा दिवाळीस तो सहकुटुंब आला. पाडव्याच्या रात्रीं मंडळी निजावयास गेल्यावर तो पत्त्यांचा कॅट घेऊन आमच्याजवळ बसला व म्हणाला, "काका, एक हिशेब पाहाल का? माझें कोठें चुकलें तें मला कळत नाहीं." किती रक्कम गेली असें आम्हीं विचारलें. त्यानें हलक्या आवाजांत आंकडा सांगितला. तो येथें लिहीत नाहीं. घर घेण्यासाठीं दोघांनीं मिळून जी शिल्लक टाकली होती तिचा तो मोठा हिस्सा होता, आणि सूनबाईंस तो ठाऊक नव्हता, इतकें पुरे. रागें भरण्याचा आमचा अधिकार होता. परंतु चाळीस वर्षें मुलांच्या वह्या तपासल्यामुळें चुकलेला हिशेब समोर आला कीं आधीं तो पाहावा, ही खोड आम्हांस जडली आहे.

खेळाचें नांव पॉट-लिमिट ओमाहा. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तो लास व्हेगासच्या खेळघरांत रुळला. प्रत्येक भिडूस चार पानें गुप्त मिळतात. मध्यें सर्वांसाठीं पांच पानें उघडीं मांडतात. पहिलीं तीन एकदम, मग चौथें, मग पांचवें. आणि प्रत्येक वेळीं बोली होते. शेवटीं हात लावावयाचा तो आपलीं नेमकीं दोन व मधलीं नेमकीं तीन पानें घेऊन. पांच पानें ओळीनें लागलीं तर तो क्रम. पांचही एकाच चिन्हाचीं, म्हणजे सर्व बदाम किंवा सर्व इस्पिक, असलीं तर तो त्याहून वरचा हात. तीन सारखीं व दोन सारखीं मिळालीं तर त्याहूनहि वरचा. मध्यें जितकी रास जमली असेल तितकीच जास्तींत जास्त बोली करतां येते. ही मर्यादा ऐकून आम्हांस खेळ सौम्य वाटला. पण राशींत १ रुपया असतां एकानें पूर्ण बोली केली व दुसऱ्यानें ती भरली, कीं रास ३ रुपयांची होते. पुढल्या फेरींत ९, आणि तिसऱ्या फेरींत २७. मर्यादा आहे खरी, परंतु ती गव्हाच्या दाण्यांच्या गोष्टींतल्यासारखी वाढती आहे.

आतां पुतण्याचा डाव. त्याच्या हातांत राजा, सत्ती, छक्की व पंजी. मध्यें नव्वी, अठ्ठी व दुर्री, तिन्ही निरनिराळ्या चिन्हांचीं. हात अजून लागलेला नाहीं, पण लागण्याचा संभव आहे. अशा हातास आम्हीं 'आशेचा हात' असें नांव दिलें, आणि जें पान आल्यानें तो लागेल त्यास 'तारक पान'. प्रतिपक्ष्यानें पूर्ण राशीएवढी बोली केली. पुतण्यानें तारक पानें मोजलीं. दश्शी आली तर दहापासून सहापर्यंत क्रम, दश्श्या चार. सत्ती, छक्की किंवा पंजी आली तर नऊपासून पांचपर्यंत. त्यांतली एकेक त्याच्याच हातीं असल्यामुळें उरल्या तीन-तीन. एकूण तेरा.

त्याचें गणित येथवर निर्दोष होतें. न पाहिलेलीं पानें ४५. दोन पानें अद्याप यावयाचीं. दोन्ही वेळां तारक पान चुकण्याचे प्रकार ३२ गुणिले ३१, म्हणजे ९९२. एकंदर प्रकार ४५ गुणिले ४४, म्हणजे १९८०. अर्थात् हात लागण्याचे प्रकार ९८८, म्हणजे जवळजवळ निम्मे. पूर्ण बोली भरणारा एक देऊन दोन मिळवूं पाहतो, म्हणून त्यास तिसरा हिस्सा संभव पुरतो. निम्मा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा. त्यानें बोली भरली. चौथें पान दश्शी आलें! क्रम लागला. त्यानें जवळचें सर्व मध्यें लोटलें. प्रतिपक्ष्यानें राणी व गुलाम दाखविले: राणी, गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी. क्रम तोच, पण वरचा.

"नशीब, काका," तो म्हणाला.

आम्हीं पाटी मागविली व तेरा पानांची पुन्हा हजेरी घेतली. दश्शी आली तर राणी-गुलामवाला जिंकतो. सत्ती आली तर मध्यें नऊ-आठ-सात होतें, आणि गुलाम-दश्शीवाला जिंकतो. छक्की आली तर दश्शी-सत्तीवाला. पंजी आली तरच त्या क्षणीं याच्या हाताहून वरचा हात कोणापाशीं असूं शकत नाहीं. पंज्या किती? तीन. तेरा पानांपैकीं निर्विवाद तारक तीन, आणि उरलेलीं दहा अशीं, कीं तीं आल्यानें माणूस बुडण्यापुरता धीट होतो. दोन पत्त्यांच्या खेळांत असे प्रसंग थोडे. येथें चार पत्त्यांतून दोन-दोनांच्या सहा जोड्या निघतात, म्हणून प्रत्येक भिडूपाशीं कांहीं ना कांहीं आशा असतेच, आणि आपला लागलेला हात दुसऱ्याच्या लागलेल्या हातापुढें ठेंगणा पडण्याची धास्ती सदोदित असते.

तो बराच वेळ पाटीकडे पाहत राहिला.

दुसरी चूक याहून बारीक होती. निम्मा संभव हा दोन पानांचा. पण बोली भरली ती एकाच पानाची. चौथें पान कोरडें गेलें असतें तर प्रतिपक्षी पुन्हा पूर्ण बोली करता, आणि मग ४४ पानांतून एकच काढावयाचें असतां तिसऱ्या हिश्श्यासाठीं १५ तारक पानें लागतात. तेरा पुरत नाहींत. एका चिन्हाचीं पांच जमविण्याची साधी आशा धरली तर तारक पानें नऊच. पुढें हात लागल्यावर प्रतिपक्षी आणखी पैसे भरील हा हिशेब धरतां येतो; परंतु तो आपला हात अजिंक्य असेल तरच, नाहीं तर भरणारे आपणच.

मग आम्हीं त्यास परीक्षेसाठीं दोन हात मांडून दिले. मध्यें तींच नव्वी, अठ्ठी, दुर्री. एक हात गुलाम-दश्शी-सत्ती-छक्की. यास तारक पानें वीस. दुसरा राणी-गुलाम-दश्शी-सत्ती, यास सोळा. "कोणता घेशील?" त्यानें वीसचा उचलला. पण वीसांत गुलाम व दश्शी मिळून सहा पानें सदोष आहेत, कारण तीं आल्यावर राणीवाला पुढें जातो. शुद्ध उरतात चौदा. सोळाच्या हातांत सोळाही शुद्ध. वीसचा हात टाकाऊ नव्हे. समोर एकच भिडू असेल व त्यापाशीं नुसतीं तीन सारखीं पानें असतील तर तोच बरा. पण चौघे राशींत असतां आम्ही सोळाचा घेऊं.

चिन्हांच्या बाबतींतहि हाच न्याय. मध्यें दोन बदाम व आपल्याजवळ दोन बदाम असतां बाहेर नऊ उरतात. आपल्याजवळ तीन असतील तर आठच. जास्त मिळालें म्हणून नवशिका हर्षतो, आणि वस्तुतः त्यानें आपलेंच तारक पान हातांत कोंडून ठेवलेलें असतें. एक्का नसतां लहान बदामांवर भिस्त ठेवणें म्हणजे पुन्हा तीच सत्ती-छक्कीची कथा. शिवाय प्रतिपक्ष्यापाशीं तीन सारखीं असलीं, तर शेवटच्या पानानें मध्यें जोडी होऊन त्याचा हात आपल्या क्रमावर चढतो. त्यासाठीं त्यास चौथ्या पानानंतर दहा पानें अनुकूल असतात. लागलेल्या हातासहि उद्यांची आशा जोडलेली असावी तें याचसाठीं.

येथें आम्हांस महाभारतांतील नलाची आठवण झाली. वनपर्वांत ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें रथांतून एका दृष्टिक्षेपांत मोजतो, आणि तोच नलास अक्षविद्या देतो. द्यूत आणि मोजणी यांची गांठ आपल्याकडे इतकी जुनी असतां आम्ही शाळेंत हें आख्यान नुसत्या समासांसाठीं शिकवीत आलों.

"म्हणजे चौथ्या पानावर सर्वस्व लावावयास नको होतें," पुतण्या म्हणाला.

"अरे, तिसऱ्या पानावरच पानें टाकून द्यावयाचीं होतीस," आम्हीं म्हटलें. "आणि खरें विचारशील तर सत्ती-छक्की-पंजी हातीं आली तेव्हांच."

भाऊबीजेच्या रात्रीं सर्वांनीं मिळून चिंचोक्यांवर डाव मांडला. आमच्या कुटुंबास बोलीचे नियम अर्धेच समजले होते. त्या बहुतेक वेळां पानें टाकून वाती वळीत बसल्या, आणि तीनदांच राशींत उतरून आमचे चौऱ्याऐंशी चिंचोके घेऊन गेल्या. डाव संपल्यावर पुतण्या पाटी घेऊन माडीवर गेला. वर दिवा पुष्कळ वेळ जळत होता, आणि बोलणें ऐकूं येत होतें; आधीं एकट्या त्याचें, मग बराच वेळ कोणाचेंच नाहीं, मग सूनबाईंचें. सकाळीं पाटी परत आली ती पुसलेली नव्हती. आमच्या तेरा व तीन या आंकड्यांच्या खालीं सूनबाईंच्या अक्षरांत दरमहा किती टाकल्यास ती रक्कम किती महिन्यांत भरून येईल, याचें त्रैराशिक मांडलेलें होतें. उत्तर होतें एकतीस महिने. आम्हीं तें तपासलें. बरोबर होतें.