सोडलेला संकल्प

तुळशीची लग्ने आटोपली आणि फराळाचे डबे तळाशी गेले की शहरोशहरी एक दृश्य हमखास दिसू लागते. पहाटेच्या वेळी मैदानांवर आणि टेकड्यांच्या वाटांवर नव्या कोऱ्या बुटांची गर्दी होते. व्यायामशाळांत वर्षभराचे शुल्क एकरकमी भरले जाते. चकल्या, करंज्या आणि अनारसे यांचे हे प्रायश्चित्त मोठ्या उत्साहाने सुरू होते. पंधरा-वीस दिवस जातात. थंडी वाढते, नात्यातले एखादे लग्न येते, कार्यालयातले काम वाढते आणि ही गर्दी आली तशीच विरून जाते. पुढे १ जानेवारीला पुन्हा तोच प्रयोग!

हा विषय आता केवळ चेष्टेचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्या व्याधीच्या उंबरठ्यावर उभे आहेत. उंबरठ्यावरच्या माणसाला आहार आणि नियमित चालणे यांच्या बळावर बऱ्याचदा मागे फिरता येते. म्हणजे मोडलेल्या संकल्पाची किंमत घराघरांतून मोजली जात आहे.

संकल्प मोडतात का? मनोबल कमी पडते, हे ठरलेले उत्तर. परंतु ते पुरेसे नाही. आपल्याकडे कोणत्याही पूजेच्या आरंभी संकल्प उच्चारला जातो. त्यात देश येतो, काल येतो, तिथी, वार आणि नक्षत्र येते, कर्त्याचे नाव-गोत्र येते आणि कोणते कर्म करणार तेही स्पष्ट सांगितले जाते. मग उदक सोडायचे. मराठीत ‘संकल्प सोडणे’ म्हणजे तो करणे, ही गंमत आजच्या पिढीला ठाऊक नसावी. ती तो शब्दशः सोडते. ‘यंदा वजन कमी करायचे’ या वाक्यात स्थळ नाही, वेळ नाही, मुदत नाही आणि कर्मही नाही, आहे ती केवळ फलाची आशा. व्रताला उद्यापन असते. या निश्चयाला शेवटच नसल्याने तो कोठेही संपतो.

वास्तविक काळ तर अनुकूल असतो. मार्गशीर्ष-पौष हा हेमंत ऋतू. या दिवसांत अग्नी प्रदीप्त आणि बल उत्तम असते, असे आयुर्वेद सांगतो. मात्र थंडीच्या दिवसांतही व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, असा त्याचा दंडक आहे. श्वास तोंडाने घ्यावा लागला की थांबावे, ही त्याची साधी खूण. पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारून चौथ्या दिवशी जिना चढता न येणाऱ्या वीरांनी ती लक्षात घ्यायला हवी होती. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भराभर चालले तरी पुरते.

दुसरे कारण एकटेपणाचे आहे. कानात तारा खोचून एकट्याने धावणारा माणूस एके दिवशी आला नाही, तर कोणाच्याही ध्यानात येत नाही. महाराष्ट्राची व्यायामपरंपरा अशी एकांतवासी कधीच नव्हती. समर्थांनी स्थापिलेल्या मारुतीच्या देवळांशी बलोपासना जोडलेली होती. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये उभे राहिले आणि १९३६ मध्ये त्याच्या पथकाने थेट बर्लिनमध्ये भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः नित्य सूर्यनमस्कार घालीत आणि त्यांनी ते संस्थानातील शाळांतही रुजविले. संघाची शाखा तर रोजच्या एका तासावरच उभी आहे. तेथे न आलेल्या स्वयंसेवकाच्या घरी संध्याकाळी कोणीतरी चौकशीला जातो. नियमितपणाचे खरे रहस्य त्या चौकशीत आहे.

अर्थात, थोडे आत्मपरीक्षण येथेही हवे. अनेक प्रभात शाखांतील प्रौढ मंडळी शारीरिकाच्या वेळी हात चार वेळा वर-खाली करतात आणि चर्चेत मात्र रंगून जातात. पोट सुटलेल्या वक्त्याने बलोपासनेवर बोलावे आणि नंतर सर्वांनी मिसळीकडे वळावे, हे चित्र अपरिचित नाही. घरातील स्त्रीची स्थिती वेगळी. दिवाळीचा सारा फराळ तिने केलेला असतो आणि पहाटेचा तास तिच्या वाट्याला येत नाही. त्या वेळी ती डबे भरत असते. कुटुंबाने डब्यांची जबाबदारी वाटून घेतल्याखेरीज तिच्या आरोग्याविषयी बोलणे व्यर्थ आहे.

त्रिपुरी पौर्णिमेपासून रथसप्तमीपर्यंत सुमारे ८० दिवस मिळतात. पहिल्या आठवड्यात ३ सूर्यनमस्कार आणि पुढे दर आठवड्याला १ वाढवत गेल्यास रथसप्तमीला संख्या १३-१४ वर सहज पोहोचते. गुडघेदुखी किंवा रक्तदाब असलेल्यांनी वैद्याला विचारून केवळ चालावे. वस्तीतले देवळाचे अंगण, पहाटे सहाची वेळ, रथसप्तमीची मुदत आणि न आलेल्याच्या दारावर थाप मारणारा एक जण, एवढी सिद्धता झाली की पाच-सात घरांनी मिळून उदक सोडायला हरकत नाही.