अवजारांची झळाळी कोठे हवी?

आश्विन शुद्ध नवमी, म्हणजेच खंडेनवमी, हा महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या घरी अवजारांच्या मानाचा दिवस होय. पूर्वी या दिवशी नांगर, कुळव, पाभर, कोयता व कुऱ्हाड धुऊन पुसून अंगणात ओळीने मांडली जात. आता बहुतेक गावांत या ओळीच्या अग्रभागी ट्रॅक्टर उभा असतो. त्याचे बॉनेट साबणाने धुतले जाते, दिव्यांभोवतीच्या पट्ट्या घासून चकचकीत केल्या जातात, चाकांना काळा रंग दिला जातो व पुढे झेंडूची माळ बांधली जाते. परंतु त्याच अंगणाच्या कडेला, बाभळीच्या झाडाखाली, पलटी नांगर पडलेला असतो. उन्हाळी नांगरटीची माती त्याच्या सांध्यांत तशीच वाळलेली असते. जून ते सप्टेंबरचा सारा पाऊस त्याने अंगावर घेतलेला असतो, आणि माती पलटणाऱ्या त्याच्या वक्र पत्र्यावरून बोट फिरविले असता कानशीसारखा खरखरीतपणा जाणवतो. त्यालाही हळदकुंकवाची दोन बोटे लागतात, व दसरा झाल्यावर तो पुन्हा तसाच पडून राहतो.

या प्रसंगी श्रद्धा पुरेशी असते. चमक मात्र चुकीच्या जागी आलेली असते. बॉनेटची झळाळी पाहुण्यांना दिसते, तर नांगराच्या पत्र्याची झळाळी जमिनीला व डिझेलच्या टाकीला समजते. धातूचे भाग घासून पुसून लखलखीत ठेवणे ही हौशी माणसाची करमणूक आहे, असा जो समज खेड्यापाड्यांतून रूढ आहे, तो सोडून देण्याची वेळ आली आहे. योग्य जागी केलेली झळाळी हे शेतीचेच काम आहे, आणि नांगरटीइतकेच ते वेळेवर व्हावयास हवे.

गंजाचे खरे नुकसान

लोखंडाला हवेतील प्राणवायू व ओलावा यांचा एकत्र संपर्क झाला की गंज धरू लागतो. गंज हा सच्छिद्र असतो. तो ओलावा धरून ठेवतो, व त्याच्याखाली नवा गंज वाढत जातो. रंगाचा थर जसा आतील धातूचे रक्षण करतो, तसे गंजाचा थर करीत नाही. क्षारांच्या संगतीत ही क्रिया अधिक वेगाने होते. म्हणूनच कोकणच्या खाऱ्या हवेत अवजारे लवकर झिजतात, आणि देशावर खताच्या पेटीचा पत्रा नांगराच्या जाड पोलादाच्या कितीतरी आधी भोके पडून निकामी होतो.

तथापि नांगराच्या बाबतीत पत्रा पातळ होणे हे दुय्यम नुकसान होय. मुख्य नुकसान त्याच्या गुळगुळीतपणाचे आहे. दख्खनच्या काळ्या जमिनीत फुगणाऱ्या व चिकट चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. गुळगुळीत पोलादावरून ही माती सरकते व उलटून पडते. पत्रा खरखरीत असेल तर ती त्याच्या खाचांत धरून बसते. तिच्यावर दुसरा थर चढतो आणि मग पोलादावर माती न घसरता मातीवर माती घासू लागते. तास नीट उलटत नाही, धसकटे व तण पुरते गाडले जात नाहीत, ओढ वाढते आणि चाके जागच्या जागी फिरू लागतात. नांगरट हे शेतीतील सर्वांत जास्त ओढ लागणाऱ्या कामांपैकी एक. त्यात वाढलेल्या ओढीचा प्रत्येक अंश डिझेलच्या रूपाने भरावा लागतो. बैलांच्या नांगराला हाच हिशेब बैलांच्या खांद्याने चुकवावा लागतो.

'माती आपोआप घासून काढील'

यावर अनुभवी शेतकऱ्यांचे एक उत्तर ठरलेले असते. ते म्हणतात, नांगर जमिनीत घातला की दोनचार तासांत माती आपोआप गंज घासून काढते. मग माणसाने हात कशाला दुखवून घ्यावेत? या उत्तरात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. मुरमाड किंवा वाळूमिश्रित हलक्या जमिनीत पातळ गंज खरोखरच लवकर निघून जातो. परंतु चिकट काळ्या जमिनीत माती पत्र्यावरून सरकली तरच ती त्याला घासणार; जी चिकटूनच बसते ती काय घासणार? शिवाय गंजाने पोलादात खोल खड्डे पाडले असतील, तर ते भरून येत नाहीत. आणि ज्या दोनचार तासांत माती हे काम करते, त्या तासांचे डिझेल व त्या तासांतील निकृष्ट नांगरट यांचा खर्च शेतकऱ्याच्याच खात्यावर पडतो. अर्ध्या दिवसाची मेहनत वाचविण्यासाठी हा व्यवहार परवडणारा नाही.

महाराष्ट्राला लोखंडी नांगराची ओळख पटण्यासही काळ लागला होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1903 साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन बिघडते अशा समजुतीमुळे तो घेण्यास शेतकरी कचरत होते. पुढे 1910 मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला आणि लोखंडी नांगर घरोघर पोहोचला. त्या पिढीने लोखंड स्वीकारले. आता ते सांभाळण्याची विद्या अंगी बाणविणे हे या पिढीचे काम आहे.

तीन जातींचे पृष्ठभाग

सगळे धातू एकाच पद्धतीने घासणे ही दुसरी चूक होय. काहीच न करणाऱ्याइतकेच नुकसान अतिउत्साही मनुष्यही करतो. ट्रॅक्टर व अवजारे यांवरील धातूचे पृष्ठभाग तीन जातींत विभागून पाहिले असता प्रत्येकाचा नियम सहज ध्यानात राहतो.

पहिली जात मातीत काम करणाऱ्या भागांची. नांगराचा फाळ व वक्र पत्रा, कुळवाची पास आणि पेरणी यंत्राचे फण हे या जातीत मोडतात. हे भाग गुळगुळीत करावेत, त्यांना रंग कधीही देऊ नये, व काम संपताच त्यांवर ग्रीसचा पातळ थर द्यावा.

दुसरी जात सांगाड्याची. नांगराची चौकट, ट्रॅक्टरचे मडगार्ड, ट्रॉलीचा पत्रा व पेट्यांची बाहेरील बाजू यांना चकचकीत करण्याचे कारण नाही. त्यांचा सुटा गंज काढून, रेड ऑक्साइडचा अस्तर देऊन वर रंग द्यावा. गंजावरच रंग फासणे म्हणजे पू न काढता जखम शिवणे होय. विक्रीच्या आदल्या दिवशी असा रंग दिलेली जुनी अवजारे बाजारात पुष्कळ दिसतात. घेणाऱ्याने सांध्यांजवळ व तळाशी फुगलेला रंग नखाने खरवडून पाहावा.

तिसरी जात अचूक मापाच्या भागांची, आणि येथे मोठी सावधगिरी हवी. हायड्रॉलिक पलटी नांगराच्या सिलिंडरचा चकचकीत दांडा पॉलिश पेपरने कधीही घासू नये. त्यावरील क्रोमचा थर खरवडला गेला की सील कापले जाते व तेल गळू लागते. तो स्वच्छ कापडाने पुसावा व अवजार ठेवताना दांडा आत ओढून ठेवावा. पीटीओच्या खाचा पुसून ग्रीस लावावे. तेथे रंग नको. फवारणी पंपाच्या पितळी नोझलमध्ये तार घालून साफ केल्यास छिद्र मोठे होते व औषधाचे प्रमाण बिघडते. ते मऊ ब्रशने पाण्यात धुवावे. तोंडाने फुंकर तर मुळीच मारू नये.

घासण्याची रीत

कामास आरंभ करण्यापूर्वी अवजार जमिनीवर पूर्ण टेकवावे. ते उचलूनच ठेवणे भाग असेल तर खाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. केवळ ट्रॅक्टरच्या लिफ्टच्या भरवशावर कोणीही अवजाराखाली हात घालू नये. प्रथम माती खरवडून, पाण्याने धुऊन अवजार उन्हात वाळवावे. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढावा. मग थोडे डिझेल लावून काही वेळ मुरू द्यावे व 80 नंबरच्या पॉलिश पेपरपासून आरंभ करून 120 व शेवटी 220 नंबरपर्यंत घासत जावे. माती ज्या दिशेने पत्र्यावरून सरकते त्याच दिशेने हात फिरवावा. आडवे ओरखडे मातीला धरून ठेवतात. आरशासारखी चमक येण्याची आवश्यकता नाही. तळहात अडखळल्याशिवाय फिरला की काम झाले.

ग्रायंडर वापरणाऱ्याने डोळ्यांना चष्मा लावावा व चकती एका जागी दाबून धरू नये. फाळाचे पोलाद उष्णतेची विशिष्ट प्रक्रिया देऊन कठीण केलेले असते. घासताना ते निळसर पडले तर सुमारे 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापले असे समजावे; त्या ठिकाणचे पाणी उतरले व तेथे फाळ लवकर झिजणार. गावचा लोहार हे फार पूर्वीपासून जाणतो. फाळ पाजवताना तो पोलादाचा रंग पाहूनच पाणी देतो. ग्रायंडर चालविणाऱ्या तरुणांनी त्याच्यापाशी तासभर बसून हे शिकून घ्यावे. जुना रंग काढताना धूळ उडू न देता पाणी लावून घासावे व मुलांना दूर ठेवावे, कारण जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो.

सोडून देण्याजोग्या सवयी

इंजिनातून काढलेले जळके ऑइल नांगराला फासण्याची रीत सर्वत्र आढळते. गंज रोखण्यास त्याचा उपयोग होतो, हे खरे. परंतु त्यात इंजिनाच्या झिजेतील धातूंचे कण व त्वचेला अपायकारक द्रव्ये असतात, आणि ते शेवटी शेताच्या मातीत किंवा विहिरीच्या वाटेला जाते. एका नांगराला लागणारे ग्रीस थोडेच असते. तेवढ्यासाठी जमीन मळवू नये.

दुसरी सवय फरशी धुण्याचे तीव्र आम्ल वापरण्याची. त्याने गंज झटपट निघतो हे पाहून अनेकांना मोह पडतो. मात्र त्याच्या वाफेने शेजारची चांगली अवजारेही गंजतात, कठीण पोलादाच्या स्प्रिंगा व बोल्ट ठिसूळ होण्याचा धोका असतो, आणि डोळ्यांना इजा होते ती वेगळीच. ॲल्युमिनियमच्या भागांवर कॉस्टिक सोडा घालणेही तितकेच घातक, कारण तो धातूच खातो.

तिसरी सवय खताची पेटी तशीच ठेवण्याची. खताचे क्षार रात्रभरात ओलावा ओढून घेतात. पेरणी संपेल त्या सायंकाळीच पेटी रिकामी करून, धुऊन, वाळवून ठेवावी. बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद लोखंडी भांड्यात कालवू नये, हा बागायतदारांना परिचित असलेला नियमही याच जातीचा. मोरचुदातील तांबे लोखंडावर बसते, लोखंड खाल्ले जाते आणि मिश्रणही बिघडते.

सामाईक अवजारांचा प्रश्न

स्वतःच्या नांगराची काळजी निदान काही शेतकरी घेतात. गटाच्या व अवजारे बँकेच्या नांगराला मात्र कोणीच वाली नसतो. आज नेणारा उद्या चिखलासह परत आणून टाकतो, आणि भाड्याच्या वहीत त्याची कोठेही नोंद होत नाही. येथे उपदेशापेक्षा नियम अधिक उपयोगी पडेल. अवजार धुऊन, पुसून, ग्रीस लावून परत केल्याशिवाय ते जमा धरू नये, आणि तसे न करणाऱ्याकडून सफाईची मजुरी घ्यावी, असा ठराव प्रत्येक गटाने करावा. पावसाळ्यासाठी साध्या पत्र्याच्या छपराची सोय नसेल, तर नवीन अवजार घेण्याआधी ते छप्पर उभारावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामी व्याख्यान देण्यापेक्षा एक प्रात्यक्षिक करून दाखवावे. दोन फाळांचा गंजलेला नांगर घ्यावा. एकाच फाळाचा पत्रा घासून गुळगुळीत करावा व दुसरा तसाच ठेवावा. मग काळ्या जमिनीत वाफसा असताना शेतकऱ्यांसमोर तो चालवावा. एकाच ट्रॅक्टरमागे, एकाच जमिनीत, दोन तास शेजारी शेजारी पडतील. कोणता उलटला व कोणता नुसता फाटला, हे सांगण्यास कोणाही अधिकाऱ्याची आवश्यकता राहणार नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद व तूप लावून मळण्याची चाल महाराष्ट्रात आहे. शिंगांना बेगड लावण्याआधी जू वाहणाऱ्या खांद्याकडे पाहावे, हे त्या चालीमागील शहाणपण. यंत्राच्या बाबतीत ते विसरले गेले आहे. पलटी नांगर उन्हाळी नांगरट संपताच मोकळा होतो. त्याचा पत्रा मृगाचा पहिला पाऊस पडण्यापूर्वीच धुऊन, घासून, ग्रीस लावून छपराखाली गेला, तर खंडेनवमीला त्यावर फक्त फूल वाहावयाचे राहील. शेतकरी बंधूंनी येत्या हंगामात एवढे करून पाहावे, आणि पुढील नांगरटीच्या पहिल्या तासाला मागे वळून जमीन कशी उलटते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.